माळढोकाचा रकाना

माझ्या थोरल्या जावेच्या वडिलांनी माकडांना जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या भीमेच्या अल्याड-पल्याडच्या साऱ्या बागायतदारांनी मिळून घातल्या नसतील. आणि माकडांना त्यांच्याइतकं ओळखणाराही दुसरा माणूस मी शिरूर-दौंडात पाहिलेला नाही. नात्यानं ते माझे कोण, याला आमच्याकडे शब्द नाही. जाऊबाई त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून मीही आप्पा म्हणते. ते मूळचे कवठे येमाईचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विजेच्या खांबांवर काढली. एका ठेकेदाराकडे वायरमन होते, आणि कामाच्या निमित्तानं आमच्या दौंडाकडच्या गावांतला खांब न् खांब त्यांना पाठ होता. जाऊबाईंच्या आई गेल्यावर ते कवठ्यात मुलाजवळ राहतील असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याऐवजी ते एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक काळी छत्री घेऊन भांडगावाच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या गावात आले, आणि जिथून पुढं माळ सुरू होतो त्या शेवटच्या गल्लीत खोली घेऊन राहिले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा ते उभ्याउभ्या प्यायचे. "म्हातारपणी लेकीची ओढ," असं गाव म्हणालं. जाऊबाईंना ते ऐकून बरं वाटायचं, आणि मलाही तेच खरं वाटत होतं. आता ते कवठ्याला परत गेलेत. त्यांच्याबद्दल लिहायचं ते विसरायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

आप्पांचा सिद्धांत असा, की देवानं प्राणी पुष्कळ केले, पण डोकं लावून केले ते दोनच. एक लाल तोंडाचं माकड आणि दुसरा माळढोक. बाकीची सगळी सृष्टी या दोघांच्या मधे कुठंतरी बसते. माळढोक हा शब्द मात्र ते कागदापुरताच वापरायचे. एरवी तो 'हूम', कारण नर घुमायला लागला की तसा आवाज निघतो आणि माळभर पोचतो. गवताळ माळावर राहणारा, उडण्यापेक्षा चालणं पसंत करणारा हा जड अंगाचा पक्षी आता सगळ्या देशातच फार थोडा उरला आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आप्पांचं ज्ञान पुस्तकातलं नव्हतं. "ताई," ते मला म्हणायचे, "माकडाच्या गालात पिशवी हाय. ते काय करतं? शेंगदाणं भरतं. हूमच्या बी गळ्यात पिशवी हाय. तो काय करतो? हवा भरतो. आता तुमीच सांगा, परपंच कुणाचा हुईल?" माकडीण पोराला पोटाशी घेऊन या कौलावरून त्या कौलावर जाते, हूमची मादी वर्षाला एक अंडं घालते, तेही उघड्या भुईवर, आणि शेजारून मेंढरं गेली तरी तिथंच बसून राहते. "मेंढराचा पाय पडला की गेलं वरीस," आप्पा म्हणायचे, आणि मग त्या मादीचा राग ते माझ्या अंगणातल्या माकडांवर काढायचे.

माणसांनाही तीच फूटपट्टी. आमचे सरपंच माकड, कारण ते प्रत्येक फांदीवर एकदा बसून बघतात. जाऊबाई माकड. मी तर पक्की माकड. "वाईट वाटून घिऊ नका. तुमचा हात कवाच रिकामा नसतो, एवढंच माझं म्हणनं." एकदा मी विचारलं, "आणि आप्पा, तुम्ही कोण?" "मी खांबावरलं माकड," ते म्हणाले आणि दुसराच विषय काढला. त्यांच्या नातीला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीला, बघायला एक मुलगा आला तेव्हा आप्पांनी नोकरी, शेती, शिक्षण यातलं काहीच विचारलं नाही. "परगावी गेला आन् जेवाय मिळालं न्हाई, तर काय कराल?" एवढा एकच प्रश्न केला. मुलगा बिचारा सरळ. म्हणाला, "उपाशी झोपेन, आणि उजाडल्यावर निघेन." आप्पा उठून स्वयंपाकघरात आले. डोळ्यांत पाणी. "सोनं हाय पोरगं," जाऊबाईंना म्हणाले, "हूम हाय नुसता. पोरगी दिऊ नका." पुढं जो मुलगा आला त्यानं त्याच प्रश्नाला, "कुणाच्यातरी दारात जाऊन पाणी मागेन, पाण्याबरोबर जेवण येतंच," असं उत्तर दिलं. पोरगी त्याला दिली. ती सुखात आहे. पहिल्या मुलाची चौकशी मात्र आप्पा दर दिवाळीला करायचे.

केडगाव स्टेशनचा प्रसंग तर आमच्या घरात अजून सांगितला जातो. गाडीची वाट बघत बाकावर बसले असताना एका माकडानं त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढून नेला आणि ते पत्र्यावर जाऊन बसलं. चार माणसं जमली. एकानं केळं पुढं केलं, "आजोबा, हे दाखवा, चष्मा टाकंल खाली." स्टेशनवरची रीतच होती ती, आणि माकडही केळ्याच्या वाटेवर डोळे लावूनच बसलं होतं. आप्पांनी केळं परत दिलं. "त्याला सवदा कुणी शिकविला? आपुनच ना? म्या न्हाई शिकवणार," म्हणाले. आठ दिवस ते बिनचष्म्याचे वावरले. त्या आठ दिवसांत त्यांनी दोनदा आमच्या घराऐवजी शेजारच्यांच्या ओट्यावर बसून आमच्या शेजाऱ्यांची निंदा केली. पण माकडाला केळं दिलं नाही ते नाहीच. गंमत म्हणजे, त्याच माकडाच्या टोळीतल्या लंगड्या म्हाताऱ्या नराला ते ओळखायचे, आणि तो दिसला नाही की गाडीतून उतरल्या उतरल्या हमालांना विचारायचे, "आमचा लंगडा कुठं गेला?"

त्यांना तोडीस तोड उत्तर देणारा एकच माणूस होता, त्यांच्या गल्लीतले गाद्या भरणारे चाचा. चाचांचं घराणं गावात कैक पिढ्यांचं. दुपारी चाचा दुकानाच्या फळीवर कापूस पिंजत बसले की आप्पा पायरीवर टेकायचे, आणि वाद सुरू व्हायचा. "आप्पा, माकडाला कशापायी बोलता? ते शिकलं म्हणून जगलं," चाचा म्हणायचे, "तुमचा पक्षी साळंतच गेला न्हाई."

"व्हय, न्हाई गेला. पर त्यानं कुणाच्या पेरूला हात लावला न्हाई."

"म्हंजी मेल्यावर लोक चांगलं म्हणत्यात त्यातला हाय म्हना की."

"चाचा, कापूस नाकात जाईल. त्वांड मिटून पिंजा."

असं रोज. दोघांचा चहा मात्र एकाच किटलीतला.

माझा आणि आप्पांचा खरा संबंध आला तो जैवविविधता नोंदवहीमुळं. मी गावच्या ग्रामपंचायतीत लिपिक आहे. गावाच्या शिवेत कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणते प्राणी आहेत याची एक वही प्रत्येक पंचायतीनं करायची असते, आणि हे काम माझ्याकडे आलं. मला याद्या करायला आवडतात. रकाने आखले, म्हाताऱ्या माणसांच्या नावांची यादी केली, आणि घरोघर जाऊन विचारायला लागले. आप्पा यादीत नव्हते, ते आपणहून आले. गावातल्या माणसांनी सांगितलेल्या तितर, लावा, होला, घोरपड या नोंदींना त्यांनी इतकी भर घातली की दोन वह्या जास्त लागल्या. मी वानर आणि माकड एका ओळीत लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी ती ओळ माझ्यासमोर खोडली. "काळ्या तोंडाचं वायलं, लाल तोंडाचं वायलं. तुमाला आन् तुमच्या जाऊबाईला एका ओळीत लिवलं तर चालंल का?" माकडाची नोंद चार पानं झाली. मग माळढोकाचं पान आलं. त्यात रकाना होता, 'सध्या आढळतो' किंवा 'पूर्वी आढळत असे'. मी विचारलं, "आप्पा, शेवटचा कधी पाहिला?" आप्पांनी वही स्वतःकडे फिरवली आणि रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "आढळतो, असं लिवा."

"पाहिल्याशिवाय कसं लिहू?"

"मग थांबा. मी बघून येतो."

तेव्हापासून दोन वर्षं तो माणूस रोज सकाळी छत्री घेऊन माळावर जात होता. आता माळ तरी केवढा उरलाय? एका बाजूनं ऊस आत सरकलाय, दुसऱ्या बाजूनं प्लॉटचे दगड रोवलेत, मधला तुकडा तेवढा गवताचा. आप्पा तो तुकडा काठाकाठानं फिरायचे, मधून जायचे नाहीत. दहाला मी कार्यालय उघडायची तेव्हा ते पायरीवर असायचे. "आज न्हाई," म्हणायचे. "पर गवात चांगलंय." कधी, "आज न्हाई. नाकतोडं मायंदाळ हायेत, त्याला बरं पडंल." थंडीत, पोळ्याच्या दिवशी, ताप आलेला असताना स्वेटरवर स्वेटर घालून, "आज न्हाई." मी त्या रकान्यात 'पूर्वी आढळत असे' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, म्हणजे कधीही खोडता येईल. खरं सांगायचं तर मी त्यांना हसत होते. जाऊबाई चिडायच्या. "पोरीच्या घरी यायला वेळ न्हाई, आन् पाखरामागं हिंडत्यात." मी आप्पांना एकदा म्हटलंही, की एका शब्दानं काय एवढा फरक पडतो. ते म्हणाले, "तुमाला न्हाई पडत, ताई. मला पडतो." आणि छत्री उचलून चालू लागले.

एकदा चाचांनी दयेपोटी सुचवलं, "आप्पा, सांगून टाका दिसला म्हणून. कोण चाललंय बघाया?" आप्पा त्यांच्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चाचाच चहाची किटली घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. हे मला फार वेळा आठवतं. एक खोटं वाक्य बोलले असते तर त्यांचं काम झालं असतं. दोन वर्षांत सातशेच्या आसपास सकाळी त्यांना ती संधी होती, आणि प्रत्येक सकाळी ते खरंच सांगत आले.

शेवटी वरून पत्र आलं, की येत्या ग्रामसभेत वही वाचून मंजूर करावी आणि तालुक्याला पाठवावी. मी आप्पांना सांगितलं, आता रकाना पक्का करावा लागेल. त्यांनी मान हलवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसलेले होते, पण छत्री नव्हती, आणि 'आज न्हाई' म्हणाले नाहीत. आत येऊन माझ्या टेबलासमोर बसले. म्हणाले, "लिवून घ्या."

ती हकिगत त्यांनी अर्जाचा मजकूर सांगावा तशी सांगितली. पुष्कळ वर्षांमागं आमच्याच माळाच्या पलीकडच्या विहिरींवर लाईन न्यायची होती. नकाशात ती गाडीवाटेनं, माळाला वळसा घालून जाणारी होती. खांब कमी पडत होते, नवे कधी येतील याचा भरवसा नव्हता, आणि उन्हाळा तोंडावर होता. आप्पांनी उभ्या उभ्या हिशेब केला, की माळावरून सरळ नेली तर आहे त्या खांबांत भागतं. ठेकेदाराला त्यांनीच पटवलं, लाईन त्यांनीच ओढली. मोटारी चालू झाल्या. तेव्हाच्या जुन्या माणसांनी त्यांना फेटा बांधला; ती माणसं आता उरली नाहीत. त्या वेळी माळावर हूमची एक जोडी होती, आणि ती तिथं आहे हे खांबावर चढून काम करणाऱ्या आप्पांइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. "त्याचं डोळं बाजूला असत्यात, ताई. उडताना नजर खाली गवतात. म्होरली तार त्याला दिसत न्हाई. मला ठाव न्हवतं असं न्हाई. मला वाटलं, शिकंल. माकडं शिकत्यात. एक तारंला चिकटलं की बाकीची टोळी दुसऱ्या दिवशी वाट बदलती. ह्याची टोळी कुठली? दोनच हुती." श्रावणात एका सकाळी नर तारेखाली पडलेला सापडला. आप्पांनी तो तिथंच पुरला आणि कोणाला सांगितलं नाही. मादी दिवाळीपर्यंत दिसत होती. तिथंच, त्याच बाजूला उभी असायची. मग तीही दिसेनाशी झाली.

 मी शेवटी कामाचंच बोलले. म्हटलं, "'न दिसण्याचे कारण' असा रकाना आहे. तिथं विजेची तार लिहिते."

"तार काय आपसूक गेली व्हय माळावर? माझं नाव लिवा."

"आप्पा, कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहीत नाहीत."

"मग कुणाचं लिवत्यात?"

 मी लिहिलं, 'गाडीवाट सोडून माळावरून सरळ नेलेली विजेची तार.' त्यांनी दोनदा वाचलं. "सभंत मी उभा ऱ्हातो," म्हणाले. "गावाला कळाया पायजे. काय म्हनायचं ते म्हनू द्या." त्या आठवड्यात त्यांनी दाढी केली, धोतर धुऊन वाळत घातलं, आणि चाचांना सांगितलं, की सभेनंतर कदाचित गावात राहता येणार नाही. चाचांनी मला विचारलं, "आप्पांनी काय खून केलाय का?" सभेला या, एवढंच मी म्हटलं. ते सांगायचं काम आप्पांचं होतं.

ग्रामसभेला त्या दिवशी गर्दी होती, कारण विषयपत्रिकेत माकडांचा बंदोबस्त होता. दीड तास माकडंच चालली. कुणाच्या पेरूची वाट लागली होती, कुणाची कौलं फुटली होती, कुणाच्या सुनेच्या हातातून भाकरी गेली होती. पिंजरे आणायचे की पकडणारी माणसं आणायची, आणि पकडून सोडायची कुणाच्या गावात, यावर दोन आळ्या हमरीतुमरीवर आल्या. मग सरपंचांनी मला वही वाचायला सांगितली. मी भराभरा वाचत गेले. लोक उठायच्या बेतात होते. 'माळढोक. पूर्वी आढळत असे.' कारण वाचलं आणि मी थांबले. आप्पा उभे राहिले.

"आप्पा, माकडांचं झालं आता," सरपंच म्हणाले.

"माकडांचं न्हाई." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ती तार माळावरनं म्या नेली. वळसा घालून न्यायची हुती. मी सरळ नेली. त्यापायी हे पाखरू गेलं. ते मला गावाला सांगायचं हुतं."

 मग मागून एक बागायतदार, तसा भला माणूस, मोठ्यांदा म्हणाला, "ती लाईन तुमी नेली व्हय? आप्पा, तवापासून आमच्या हिरीवर मोटार हाय. लई उपकार तुमचं." आणि त्यानं टाळी वाजवली. त्याच्या बाजूच्यानं वाजवली. बघता बघता सगळी सभा टाळ्या वाजवत होती, बायकासुद्धा. कोणाच्याही मनात थट्टा नव्हती. आप्पा हात जोडून, मान खाली घालून उभे होते, आणि ते नम्रपणानं उभे आहेत असं समजून लोक आणखी टाळ्या वाजवत होते. चाचा तेवढे भिंतीला टेकून हात बांधून उभे राहिले. "वही मंजूर?" सरपंचांनी विचारलं. "मंजूर, मंजूर," म्हणत लोक चहाकडे वळले.

सभागृह रिकामं झालं. आप्पा तिथंच एका खुर्चीवर टेकले. मी टेबलाशी बसून पेन्सिलीची अक्षरं शाईनं गिरवायला घेतली. पक्ष्याची उंची आणि वजन मी पुस्तकातून उतरवून घेतलं होतं, ते तपासलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोन वर्षं या एका पक्ष्यावरून मी या माणसाशी वाद घातला, त्यांना हसले, त्यांच्यासाठी रकाना अडवून ठेवला, पण एक साधी गोष्ट कधी विचारली नव्हती. म्हटलं, "आप्पा, तो नुसता उभा असला, की केवढा दिसायचा हो?"

आप्पा खुर्चीतून उठले. उजवा हात कमरेच्या वर नेला, जरासा खाली घेतला, मग विचार करून दोन बोटं वर केला. "एवढा," म्हणाले. "मान ताठ केली तर एवढा." हात तिथंच धरून ते हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मी पेनाला टोपण लावलं, वही मिटली, कुलूप हातात घेतलं. बाहेर चाचा पायरीवर त्यांची वाट बघत होते. दार लावायची वेळ झाली होती, पण हात खाली घ्या असं काही मला आप्पांना म्हणवेना.